पडताळणी हवीच, पण वेळेत

महोदय,
बी.एड.च्या आंतरवासितेला, म्हणजे शिकवण्याच्या सरावाला, शाळेत जाण्याआधी पोलिसांचा चारित्र्य पडताळणी दाखला आणा, असे आम्हाला ऐनवेळी सांगण्यात आले. बदलापूरच्या शाळेत ऑगस्ट २०२४ मध्ये चिमुकल्या मुलींवर झालेल्या अत्याचारानंतर याला कोण नाही म्हणेल? मीही दोन मुलींची आई आहे. पण वर्गातल्या निम्म्या मुली सुरगाणा-पेठकडच्या, नाशकात कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीतली एक खाट भाड्याने घेऊन राहणाऱ्या. घरमालक भाडेकरार करून देत नाही, आधारवर पत्ता गावचा; मग नाशकातल्या पत्त्याचा पुरावा आणायचा कुठून? म्हणजे तास बुडवून गावाकडच्या पोलीस ठाण्यात हेलपाटे! २० आठवडे शाळेत काढायचे, हे प्रवेश घेतानाच ठरलेले असते. तेव्हाच महाविद्यालयाने सगळ्यांचे अर्ज एकत्र भरून घ्यावेत. शुल्कही त्यांनीच भरावे; आमच्याकडून कमी घेतात का?

– एक बी.एड. विद्यार्थिनी, नाशिक