माथारेतल्या लेकरांची चपाती

महोदय,

मे महिन्यात भायखळ्याच्या आमच्या ख्रिस्ती मंडळीतले (चर्चमधले) आम्ही सहा जण सेवेसाठी नैरोबीला गेलो होतो. माथारे वस्तीत पत्र्याच्या खोल्यांमधल्या बोळात आजूबाजूची मुलं जमायची, मी चपात्या लाटायचे. ‘चपाती!’ म्हणून ती नाचायची. स्वाहिलीतही तोच शब्द. चहाला ‘चाय’, दुकानाला ‘दुका’. परकेपण पहिल्याच सकाळी गळालं.

खटकली ती फोटोंची घाई. आईला न विचारता तिच्या लेकराचा चेहरा मोबाइलवर का फिरवायचा? १८१३ साली मुंबईत उतरलेले अमेरिकन मिशनरी मराठी शिकले, त्यांनी इथे शाळा काढल्या. सेवेला जाणाऱ्यांनी निदान महिनाभर तिथली भाषा शिकावी आणि परतल्यावरही मुलांची फी पाठवत राहावी. आम्ही नऊ मुलांची पाठवतो.

– एक निवृत्त शिक्षिका, भायखळा