थरथर आणि घसरण: काकांना एक आभारपत्र

आदरणीय काका,

सादर नमस्कार.

हे पत्र सगळ्यांसमोर लिहितोय, कारण फोनवर आभार मानायला लागलो की "ते असू दे, मशीन कसं चाललंय ते सांग" म्हणून तुम्ही विषय बदलता. इथे तेवढी सोय नाही. तुमचं नाव मात्र घालत नाही, ते तुम्हाला रुचणार नाही हे एव्हाना मला कळलं आहे.

पहिल्यांदा फोन केला तेव्हा माझी काय अवस्था होती, आठवतं ना? घरी कॉफी भाजायला एक छोटा जुना ड्रम रोस्टर घेतलेला. तापमान बघायला त्याला एक गोल डायल, तीही आळशी. म्हणून हौसेने के टाइप थर्मोकपल, म्हणजे दोन वेगळ्या धातूंच्या तारांची तापमान मोजणारी प्रोब, बसवली, तिचा सिग्नल आकड्यात बदलणाऱ्या मॅक्स ३१८५५ चिपचा बोर्ड जोडला, लॅपटॉपवर भाजणीचा आलेख काढणारं आर्टिसन सॉफ्टवेअर चालू केलं आणि दाण्यांचं तापमान समोर दिसायची वाट बघत बसलो. दिसलं ते भलतंच. १६२, १५५, १६९, १५८. दाणे काही एका सेकंदात चौदा अंश तापत नाहीत, एवढं मलाही कळत होतं. तापमान वाढण्याच्या वेगाची रेघ, म्हणजे आरओआर, ती तर करवतीच्या दात्यांसारखी.

तोवर मी दोन प्रोब बदलल्या होत्या, एक बोर्ड बदलला होता, आणि शेवटी सॉफ्टवेअरमधलं स्मूदिंग, म्हणजे मागच्या रीडिंगांशी सरासरी काढून उड्या गुळगुळीत करणं, इतकं वाढवलं होतं की आलेख रेशमासारखा मऊ झाला. त्या मऊ आलेखावर विश्वास ठेवून एक आख्खी बॅच काळी केली. फर्स्ट क्रॅक, म्हणजे दाणे पहिल्यांदा तडकण्याचा आवाज, कानाने ऐकू येत होता आणि स्क्रीन अजून मागचीच गोष्ट सांगत होती. हे ऐकून तुम्ही म्हणालात, "तू तापमान गप्प केलं नाहीस, स्वतःचे कान बंद केलेस." मला राग आला होता, काका. आज कबूल करतो.

मग तुम्ही विचारलंत, "आकडा उडतो की घसरतो?" मी म्हटलं, दोन्ही. क्षणाक्षणाला उडतो, शिवाय पहिल्या बॅचला क्रॅक १९८ ला होतो आणि चौथ्या बॅचला तोच क्रॅक १८० ला दिसतो. "म्हणजे दोन दुखणी आहेत," तुम्ही म्हणालात, "आणि तू दोघांना एकच औषध देतोयस." माझ्या मते निम्मं काम त्या वाक्यातच झालं. बाकीचं मी माझ्या हाताने करावं यासाठी तुम्ही जी चिकाटी दाखवलीत, तिच्यासाठी हे पत्र आहे. उत्तर तुम्हाला पहिल्या दहा मिनिटांत कळलं होतं, याची मला खात्री आहे.

आधी थरथर. स्मूदिंग शून्यावर आणायला लावलंत. मशीन थंड, सगळं बंद, लॅपटॉप चार्जरवरून काढून बॅटरीवर, फक्त बोर्ड चालू. आकडा जवळपास स्थिर, फार तर पाव अंश इकडेतिकडे. मग पंखा. काही नाही. मग हीटर. किंचित हालचाल. मग ड्रमची मोटर, आणि थंड मशीनवर रीडिंग २७ वरून ३४, लगेच २२! ड्रम रिकामा, दाणे नाहीत, आग नाही, तरी आकडा नाचतोय. मी फोनवर ओरडलो. तुम्ही शांतपणे विचारलंत, "प्रोबची वायर कुठून आणली आहेस?"

मोटरच्या वायरींच्या गळ्यात गळा घालून. जुडी नीटनेटकी दिसावी म्हणून मीच दर दोन बोटांवर केबल टाय मारले होते.

तेव्हा तुम्ही सांगितलेला हिशेब माझ्या वहीत आहे. के टाइप थर्मोकपल एका अंशाला साधारण ४१ मायक्रोव्होल्ट देते, म्हणजे एका व्होल्टचा जवळपास पंचवीस हजारावा भाग. ब्रशवाल्या मोटरच्या ठिणग्यांशेजारी ती कुजबुज कशी ऐकू यावी? टाय कापले, प्रोबची वायर मशीनच्या दुसऱ्या अंगाने नेली, मोटरच्या वायरींना जिथे ओलांडावंच लागतं तिथे काटकोनात ओलांडली. चिपला थर्मोकपलच्या दोन तारा जिथे जोडतात त्या दोन टोकांमध्ये १० नॅनोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर लावला. तो चिपच्या माहितीपत्रकातच सुचवलेला आहे आणि मी ते पान वाचलंच नव्हतं. नाच सात अंशांवरून एका अंशावर आला.

उरलेला एक अंश लॅपटॉपचा चार्जर लावला की वाढायचा, काढला की कमी व्हायचा. इथे मी एक अक्कल पाजळली: मशीनचं अर्थिंगच काढून बघू का? तुमचा आवाज एवढ्या महिन्यांत चढला तो तेवढ्या एकदाच. "अर्थिंगला हात लावायचा नाही. रीडिंग चुकलं तर कॉफी बिघडते, अर्थिंग गेलं तर माणूस जातो." मग कळलं की माझ्या प्रोबच्या टोकाचा जोड तिच्या स्टीलच्या आवरणालाच वितळवलेला आहे, आणि ते आवरण मशीनच्या अंगाला टेकलेलं. म्हणजे मशीन आणि लॅपटॉप यांच्यामध्ये प्रोबच्याच वाटेने एक चोरदरवाजा उघडा होता. आतला जोड आवरणापासून वेगळा ठेवलेली प्रोब घेतली. ती थोडी संथ असते असं तुम्ही बजावलं होतं, म्हणून ३ मिलिमीटर जाडीची निवडली. चार्जर लावा, काढा, आकडा ढिम्म.

घसरणीचं प्रकरण मात्र मला अजूनही जादूसारखं वाटतं. प्रोब उकळत्या पाण्यात धरली तर बरोबर, बर्फाच्या पाण्यात धरली तर बरोबर. मी छाती फुगवून सांगितलं की प्रोब उत्तम आहे. तुम्ही म्हणालात, प्रोबबद्दल मी कुठे काय बोललो? प्रोब उकळत्या पाण्यातच राहू दे आणि तिची वायर जिथे पुढच्या वायरीला जोडली आहेस त्या मधल्या जोडावर हेअर ड्रायर मार.

मारला. पाणी उकळतंय, प्रोब पाण्यात, आणि आकडा ९९ वरून ९०, ८१, ७४ असा खाली. गरम करतोय आणि थंडी दिसतेय!

वायर पुरत नव्हती म्हणून मी ड्रमजवळच साधी तांब्याची वायर जोडून ती बोर्डापर्यंत आणली होती. थर्मोकपल टोकाचं तापमान सांगत नाही, दोन टोकांमधला फरक सांगते, हे तुमच्याकडून तिसऱ्यांदा ऐकलं तेव्हा डोक्यात शिरलं. दुसरं टोक बोर्डावर आहे असं समजून चिप स्वतःचं तापमान त्यात मिळवते. माझं दुसरं टोक होतं त्या जोडात. मशीन जसजसं तापत जाई तसतसा जोड तापे, बोर्ड बाजूला गारच, आणि जेवढा त्या दोघांत फरक तेवढा आकडा कमी. चौथ्या बॅचपर्यंत अठरा अंश गायब. कॉफी तीच, क्रॅक तोच. आणि मी तोपर्यंत कच्च्या दाण्यांच्या ओलाव्याला दोष देऊन मोकळा झालो होतो.

के टाइपचीच एक्स्टेन्शन वायर, म्हणजे तांब्याऐवजी थर्मोकपलच्याच जातीच्या धातूंची, आणली, आणि पुन्हा माती खाल्ली. प्रोब मुठीत धरली तर आकडा खाली जाऊ लागला. लाल म्हणजे प्लस, हे हाडात भिनलेलं. अमेरिकी पद्धतीच्या थर्मोकपल वायरीत पिवळी प्लस आणि लाल मायनस असते, आणि आयईसी या आंतरराष्ट्रीय मानकाच्या पद्धतीत हिरवी प्लस, पांढरी मायनस, हे मला कोण सांगणार? तुम्हीच. तेही आधी पोटभर हसून घेतल्यावर.

एका मुद्द्यावर मात्र आपण भांडलो आणि मी हरलो, हेही नोंदवतो. सगळं दुरुस्त झाल्यावर मी हट्ट धरला की आता स्मूदिंग कायमचं बंद. तुम्ही हिशेब घातलात: बोर्डाची सगळ्यात लहान पायरी ०.२५ अंशाची. दर सेकंदाला रीडिंग घेतलं तर ती एकच पायरी आरओआरमध्ये मिनिटाला १५ अंशांची उडी होऊन दिसते. तेव्हा थोडी गाळणी हवीच, फक्त वायरीतला कचरा झाकायला नको. आता बेताचं ठेवलं आहे.

आणि हो, १०० ग्रॅमच्या बॅचला आकडा अजून डुलतो. ती तक्रार घेऊन येण्याआधी या वेळी मीच ड्रममध्ये टॉर्च मारून पाहिलं. एवढ्याशा दाण्यांत प्रोब अर्धा वेळ हवेतच असते. २५० ग्रॅम टाकले की ती दाण्यांत बुडते आणि रेघ सरळ होते. प्रोब थोडी खाली सरकवायची आहे, पुढच्या रविवारी करीन.

आभार म्हणून ताजी भाजलेली कॉफी पाठवणार होतो. मग आठवलं की डॉक्टरांनी तुमची कॉफी केव्हाच बंद केली आहे. एवढे तास तुम्ही अशा एका पेयासाठी घालवलेत जे तुम्ही चाखणारही नाही! म्हणून पाकिटात दोन आलेख छापून ठेवले आहेत, एक पहिल्या फोनच्या आदल्या दिवशीचा, एक गेल्या आठवड्यातला. तारखा मुद्दाम घातलेल्या नाहीत, तुम्हीच ओळखा. दुसऱ्यावर सहाव्या मिनिटाला एक खड्डा दिसेल, त्यासाठी फोन करू नका. तिथे मी नमुना बघायला दाणे बाहेर काढले होते आणि झाकण लावायला विसरलो.

तुमचा,
केबल टायवाला