थट्टेवरची पट्टी कापली जाते तेव्हा: माहिती व प्रसारण मंत्र्यांना खुले पत्र

माननीय माहिती व प्रसारण मंत्री महोदय,

सादर नमस्कार.

प्रसिद्ध व्यक्तींचा झगमगाट आणि रोजच्या बातम्यांतला विक्षिप्तपणा यांवर मी गेली अनेक वर्षे विनोदी सदर लिहितो. खोट्या बातम्यांना आळा घालणाऱ्या नियमांची गरज मला मनापासून मान्य आहे. परंतु त्या जाळ्यातून खोटेपणा निसटतो आणि विनोद मात्र अडकतो, हा माझा अनुभव आपल्या कानावर घालावा म्हणून हे पत्र.

काही महिन्यांपूर्वी मी एका काल्पनिक नटाच्या गॉगलला स्वतंत्र अंगरक्षक मिळाल्याची बातमी लिहिली. विमानातून आधी गॉगल उतरतो, छायाचित्रकार त्याला ‘सर, इकडे बघा’ म्हणून हाका मारतात आणि नट मागून स्वतःची बॅग ओढत येतो, असा तो मजकूर होता. वर ठळक अक्षरांत सदराचे नाव आणि ‘काल्पनिक विनोदी लेखन’ अशी पट्टी होती. दोनच दिवसांत कोणीतरी त्याचा स्क्रीनशॉट काढून वरची पट्टी कापली, शेजारी एका खऱ्या नटाचा फोटो चिकटवला आणि ती प्रत फिरत फिरत माझ्याच फोनवर आली. पुढे एका समाजमाध्यमाने दिशाभूल करणारा मजकूर म्हणून काढून टाकला तो माझा पट्टीसह असलेला मूळ लेख. कापलेली प्रत आजही फिरते आहे. माझ्या तक्रारीला दोन ओळींचे ठरावीक उत्तर आले, त्यावरून लेख कोणी वाचला असेल असे मला वाटत नाही.

थट्टा खरी वाटणे हे काही आजचे नाही. बीबीसीने १ एप्रिल १९५७ रोजी स्वित्झर्लंडमध्ये झाडावरून स्पॅगेटी तोडत असल्याचे दृश्य दाखवले, तेव्हा ते झाड कसे लावायचे अशी विचारणा प्रेक्षकांनी केली होती. ‘द ओनियन’ या अमेरिकी विनोदी प्रकाशनाने २०१२ साली किम जोंग उन यांना जगातला सर्वांत आकर्षक पुरुष ठरवले, आणि चीनच्या ‘पीपल्स डेली’च्या संकेतस्थळाने ते खरे मानून सोबत ५५ छायाचित्रे छापली. एके ठिकाणी तारीख आणि दुसरीकडे प्रकाशनाचे नाव हीच थट्टेची खूण होती. ती नजरेतून सुटली, एवढेच घडले. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८८ साली ‘हसलर’ मासिकाने छापलेल्या विडंबनावरून धर्मोपदेशक जेरी फॉलवेल यांनी भरलेल्या खटल्यात निकाल मासिकाच्या बाजूने दिला. त्या विडंबनाच्या तळाशी, हे गांभीर्याने घेऊ नये, अशी बारीक अक्षरांतली ओळ होती. विडंबन अत्यंत बोचरे होते, तरीही ते वस्तुस्थिती म्हणून कोणी घेणार नाही, हा मुद्दा निर्णायक ठरला. नियम लिहिणाऱ्या आपल्या अधिकाऱ्यांनी हा निकाल जरूर वाचावा.

विनोदाला सर्व काही माफ असावे, असे माझे म्हणणे नाही. एखाद्या अभिनेत्रीचा आवाज यंत्राने बनवून तिच्या तोंडी जाहिरात घालणे ही फसवणूक आहे आणि ती करणाऱ्याला शिक्षा झालीच पाहिजे. शिवाय, प्रसिद्धी हा ज्याचा व्यवसाय आहे त्याच्या डामडौलावर हसणे वेगळे आणि कॅमेऱ्यासमोर चुकून पाय घसरलेल्या एखाद्या सामान्य माणसाचे नावगाव जगभर पोहोचवणे वेगळे. त्या माणसाने प्रसिद्धी मागितलेली नसते आणि हसू विरल्यावरही त्याला त्याच नावाने जगायचे असते, म्हणून अशा बातमीतले नाव मी कधीच छापत नाही. प्रसिद्ध व्यक्तींची मुले आणि आजारपणेही मी वर्ज्य मानली आहेत.

म्हणून माझी आपणास विनंती आहे की, स्पष्ट खूण असलेल्या विनोदी लेखनाची नियमांत वेगळी व्याख्या करावी. तक्रार आल्यास मूळ लेख आणि फिरणारी प्रत शेजारी ठेवून, ती भाषा जाणणाऱ्या माणसाने दोन्ही वाचल्याशिवाय काहीही हटवू नये. आणि जिच्यावरची खूण कापली आहे ती प्रत सर्वप्रथम थांबवावी. लेखकाला बाजू मांडण्यासाठी निदान एक दिवस मिळावा. माझा लेख, त्याची कापलेली प्रत आणि आलेले उत्तर असे तिन्ही कागद मी जपून ठेवले आहेत. आपल्या कार्यालयाने बोलावल्यास ते घेऊन येण्याची माझी तयारी आहे.

आपला विश्वासू,
एक विनोदी सदरलेखक