वंशावळीच्या डेटाबेसविषयी मित्रास पत्र

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तू पाठवलेला वंशावळीच्या ॲपचा आराखडा मी बारकाईने वाचला. शोधाची सोय उत्तम आहे. पण व्यक्तींच्या टेबलमध्ये तू ‘वडील’ आणि ‘आई’ असे दोन कॉलम ठेवले आहेस, त्याला माझा ठाम विरोध आहे.

या दोन कॉलममुळे प्रत्येकाला एकच वडील आणि एकच आई, तेही निर्विवाद, असे आपण गृहीत धरतो. दत्तक गेलेल्या मुलाचे जन्मदाते आणि पालक दोघेही नोंदवायचे असतात. कोणाला सावत्र वडिलांनी वाढवलेले असते. जुन्या कागदपत्रांत तर एकाच माणसाच्या वडिलांची दोन वेगळी नावे सापडतात. तुझ्या रचनेत एक नाव पुसल्याशिवाय दुसरे भरता येत नाही, आणि पुसलेले नाव कदाचित खरेही असू शकते. म्हणून नात्यांचे टेबल वेगळे कर. त्यातल्या एका ओळीत पालकाचा आयडी, अपत्याचा आयडी, नात्याचा प्रकार आणि ही माहिती ज्या पुराव्यावरून घेतली त्याचा आयडी असावा. दोन कागद दोन गोष्टी सांगत असतील, तर दोन ओळी राहू देत. निवाडा वाचणारा करील. चुलते, मावश्या, आतेभाऊ ही नाती मात्र साठवू नकोस, कारण ती या ओळींवरूनच काढता येतात आणि साठवली की कधीतरी मूळ नोंदींशी विसंगत होतात.

तारखेचेही असेच आहे. ‘सुमारे 1890’ एवढेच ठाऊक असताना कॉलम पूर्ण तारीख मागत असेल, तर माणूस 1 जानेवारी 1890 लिहून मोकळा होतो आणि अंदाजाला पक्क्या माहितीचे रूप येते. मूळ शब्द जसेच्या तसे ठेव आणि क्रम लावण्यासाठी सर्वांत आधीची व सर्वांत नंतरची शक्य तारीख वेगळ्या कॉलममध्ये घे. वंशावळींच्या देवाणघेवाणीसाठी 1984 पासून वापरात असलेल्या जेडकॉम या फाइल-स्वरूपातही ‘सुमारे’, ‘पूर्वी’, ‘नंतर’, ‘दरम्यान’ यांची सोय आहे.

आणखी एक. वंशवृक्ष म्हणत असलो तरी ही रचना खरोखर झाडासारखी नसते. दहा पिढ्या मागे 1024 पूर्वजांच्या जागा होतात, वीस पिढ्या मागे दहा लाखांहून अधिक. पण नात्यांतल्या विवाहांमुळे तीच माणसे अनेक जागी येतात. पूर्वज शोधायला तू रिकर्सिव्ह क्वेरी, म्हणजे मिळालेल्या उत्तरावरून पुढचा शोध पुन्हा पुन्हा घेणारी आज्ञा, वापरशीलच (मायएसक्यूएल या डेटाबेस प्रणालीत ती 8.0 या आवृत्तीपासून आहे), मात्र एकच पूर्वज दोन वाटांनी दोनदा येईल हे धरून चाल. याहून घातक चूक म्हणजे चक्र: आजोबा आणि नातू यांचे नाव एकच असले आणि कोणी त्यांच्या नोंदी एकत्र केल्या, की माणूस स्वतःचाच पूर्वज ठरतो आणि क्वेरी त्याच चक्रात अडकू शकते. फॉरेन कीला हे कळत नाही; ओळीतला आयडी दुसऱ्या टेबलमध्ये खरोखर आहे ना, एवढेच ती पाहते. म्हणून जन्माचे नाते जोडताना नवा पालक त्या अपत्याच्याच वंशजांत नाही ना, हे आधी तपास. दोन नोंदी एकत्र करतानाही हीच तपासणी हवी, आणि ते एकत्रीकरण उलटवता आले पाहिजे.

हयात व्यक्तींची माहिती इतरांना दिसू नये, ही तुझी अट योग्यच आहे.

नात्यांचे टेबल झाले की एक दत्तक मुलगा आणि वडिलांच्या नावाविषयी वाद असलेली एक व्यक्ती, अशा नोंदी भरून मला पाठव. जेडकॉम फाइल आत घेण्याचे काम त्यानंतर हाती घेऊ.

तुझा स्नेही