ज्युरी उठणार नाही

प्रिय काका,

सप्रेम नमस्कार.

रविवारी रात्री कोल्हापूरच्या चित्रपट महोत्सवाचा समारोप झाल्यावर मी तुम्हाला शोधत मागे आले, तेव्हा तुम्ही प्लॅस्टिकच्या खुर्च्या एकात एक घालून भिंतीला लावत होता. "काका, आभार मानायचे होते," म्हटलं, तर तुम्ही घड्याळ बघितलंत आणि म्हणालात, "आधी गारगोटीची शेवटची गाडी गाठ." गाडी मिळाली. आभार राहिले. मध्ये आठ दिवस गेले, पण छातीत काहीतरी अडकल्यासारखं आहे ते आहेच. म्हणून हे पत्र, आणि सगळ्यांना वाचता येईल असं. कारण तुम्ही जे केलंत तेही सगळ्यांच्या देखतच केलंत.

तुम्हाला वाटेल, ही पोरगी कशाबद्दल बोलतेय? तुमच्या ते लक्षातही नसेल. शनिवार संध्याकाळ. इराणी दिग्दर्शक अब्बास किआरोस्तामींचा 'व्हेअर इज द फ्रेंड्स हाउस?' सुरू व्हायला पाच-सात मिनिटं होती. आम्ही विद्यार्थी ज्युरीचे, म्हणजे श्रेष्ठ सिनेमा निवडणारे पाच जण मधल्या रांगेत, तुम्ही सकाळी चिठ्ठ्या चिकटवून ठेवलेल्या खुर्च्यांवर. तेवढ्यात पाहुणे आले, त्यांच्याबरोबर आणखी चार माणसं. एक कार्यकर्ते लगबगीनं आमच्याकडे आले आणि म्हणाले, "मुलांनो, जरा मागं व्हा, साहेब आलेत."

मी अर्धी उठलेच होते, पिशवी खांद्याला लावून. मोठं माणूस आलं की उठायचं, हे आम्हाला शाळेपासून अंगवळणी पडलंय. त्यात मला काही वाईटसुद्धा वाटलं नव्हतं.

तुम्ही प्रोजेक्टरच्या टेबलापासून आलात. माझ्याकडे बघून म्हणालात, "बस गं." मग त्यांच्याकडे वळून, आवाज जराही न चढवता, "ही ज्युरी आहे. ज्युरी उठणार नाही. साहेबांना खुर्ची मी आणतो." आणि खरंच आणलीत. एक नाही, पाच. दोन-दोन करून, डोक्यावरून, गर्दीतून वाट काढत. पाहुणेही भले माणूस, रांगेच्या कडेला निमूट बसले. दिवे गेले. अंधारात माझे डोळे भरून आले होते, आणि पडद्यावरची पहिली दोन मिनिटं मला नीट दिसली नाहीत.

एवढंच झालं. पण ते माझ्यासाठी एवढं मोठं का होतं ते तुम्हाला सांगायचं आहे. त्या दिवशी सांगता आलं नसतं.

दोन वर्षांपूर्वी मी बारावीत होते. दुसऱ्या एका शहरात असाच चित्रपट महोत्सव होता. नाव लिहीत नाही, लिहून काही उपयोग नाही. 'विद्यार्थी ज्युरी' म्हणून आमच्या कॉलेजातून तिघांना नेलं होतं. किती आनंद झाला होता म्हणून सांगू! आईनं नवा ड्रेस शिवून घेतला. गेल्यावर कळलं, की सकाळी स्वागतगीत आम्ही म्हणायचं आणि पुष्पगुच्छांचं तबक धरून आम्हीच उभं राहायचं. तेही केलं. मग सिनेमा सुरू झाला आणि वीस मिनिटांनी, चालू सिनेमात, कुणाच्या तरी घरच्या मंडळींसाठी आम्हाला उठवलं आणि पार मागे, खांबाच्या कडेला बसवलं.

काका, ज्यांनी कायम मल्टिप्लेक्सच्या उतरत्या पायऱ्यांवर बसून सिनेमे पाहिलेत, त्यांना यातलं दुःख कळणार नाही. सपाट जमिनीच्या सभागृहात मागून पडद्याची वरची बाजू दिसते. सबटायटल असतात खाली, दोन ओळीत. पुढच्या डोक्यांआड पहिल्यांदा जातात ती तीच. आणि मी उंचीनं लहान. सिनेमा होता परक्या भाषेतला, इंग्रजी मी सावकाश वाचते, एक ओळ पुरी लागेपर्यंत दुसरी येते. त्या दिवशी तर ओळीच दिसत नव्हत्या. माणसं बोलत होती, रडत होती, एकमेकांवर ओरडत होती आणि मला त्यातला शब्दही कळत नव्हता. मध्यंतरानंतर मी उभं राहून बघितलं, तर मागचे म्हणाले, बस खाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्हाला एका खोलीत बोलावलं. निकालाचा कागद टाईप करून तयार होता. चित्रपटाचं नाव, खाली 'विद्यार्थी ज्युरीच्या मते' म्हणून चार ओळी, त्याखाली आमची नावं. कुणीही काही विचारलं नाही. "इथं सही करा, लवकर, फोटो व्हायचाय." मी सही केली. अर्धा न दिसलेल्या सिनेमाला मी श्रेष्ठ ठरवलं. घरी आल्यावर वडिलांनी ते प्रमाणपत्र लॅमिनेट केलं आणि देवघराशेजारच्या भिंतीवर लावलं. दोन वर्षं मी रोज त्याच्याखालून गेले आहे. ती सही खोटी आहे हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं.

त्यामुळे या वर्षी सरांनी पुन्हा माझं नाव सुचवलं तेव्हा मी नको म्हणणार होते. आत्याचं घर कोल्हापुरात आहे, राहायची सोय आहे, एवढ्यावर आले.

आणि पहिल्याच सकाळी तुम्ही आम्हाला तबक दिलं नाहीत, वही दिलीत. साधी, शंभर पानी. अंधारात लिहायचं कसं ते शिकवलंत. डावा अंगठा ओळीच्या सुरुवातीला ठेवायचा, ओळ संपली की अंगठा बोटभर खाली सरकवायचा, आणि पानाकडे बघायचं नाही, डोळे पडद्यावरच. माझ्या वहीतली पहिल्या दिवसाची पानं म्हणजे नुसत्या मुंग्या आहेत. तिसऱ्या दिवसाची वाचता येतात.

मग तुम्ही उद्घाटनाला 'संत तुकाराम' का ठेवलाय ते सांगितलंत. त्याचे दिग्दर्शक दामले आणि फत्तेलाल हे दोघे इथेच, कोल्हापुरात बाबूराव पेंटरांच्या हाताखाली तयार झालेले. 1929 साली याच गावात प्रभात फिल्म कंपनी सुरू झाली, 1933 मध्ये पुण्याला गेली, तिथे 1936 मध्ये 'संत तुकाराम' झाला आणि पुढच्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला. "तेव्हा महोत्सवाचे सिनेमे म्हणजे परदेशातून आलेलं काहीतरी, असं मानू नका. इथून तिकडे गेलेलंही आहे," असं म्हणालात. मी रंकाळ्यावर दहा वेळा आले असेन. हे गाव असं आहे हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

'किल्ला' या मराठी सिनेमाच्या आधी तुम्ही जे सांगितलंत ते तर मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलंय. बर्लिनच्या महोत्सवात 2014 साली 'किल्ला'ला क्रिस्टल बेअर हे पारितोषिक मिळालं, ते मोठ्या समीक्षकांनी दिलेलं नव्हतं. अकरा ते चौदा वर्षांच्या मुलांची ज्युरी असते तिथे, त्यांनी दिलं. वडील गेलेला, आईच्या बदलीमुळे कोकणात येऊन पडलेला एक मुलगा. मराठी न कळणाऱ्या मुलांना तो आपला वाटला. इटलीत जिफोनी नावाच्या लहानशा गावात तर 1971 पासून मुलंच सिनेमे पारखतात. तुम्ही हे सांगत होता तेव्हा मी मनात म्हटलं, म्हणजे विद्यार्थी ज्युरी ही खरी गोष्ट असते तर! फोटोसाठी केलेली नसते!

पण ऐकलेलं आणि अनुभवलेलं यात फरक असतो. मागच्या वेळीही भाषणं चांगलीच झाली होती. तुमचं बोलणं मला पटलं ते शनिवारी संध्याकाळी, तुम्ही खुर्च्या डोक्यावर घेऊन आलात तेव्हा.

आणि योगायोग बघा, नेमका तोच सिनेमा. अहमद नावाचा आठेक वर्षांचा मुलगा. मित्राची वही चुकून त्याच्या दप्तरात आलीय. उद्या वहीत गृहपाठ नसला तर मित्राला शाळेतून काढतील असं मास्तरांनी बजावलंय. तो आईला सांगतो, वही द्यायला जायचंय. आई म्हणते, आधी गृहपाठ कर. तो पुन्हा सांगतो. आई म्हणते, पाव आण. तो सांगतच राहतो आणि कुणाच्या कानात ते शिरतच नाही. मोठी माणसं वाईट नाहीत त्यात कुणी. त्यांना मुलाचं बोलणं ऐकूच येत नाही. मी मधल्या खुर्चीवर, सरळ पडद्यासमोर, प्रत्येक ओळ वाचत होते. नागमोडी पायवाटेनं तो पोरगा टेकडी चढतो तेव्हा माझे पाय दुखले. आमच्या वाडीवरून हायस्कूलला जायची वाट अशीच आहे.

रविवारची चर्चा दोन तास चालली. तुम्ही दाराशी बसून होता, चर्चेत एकदाही पडला नाहीत. चौघांचा कल 'कोर्ट' या सिनेमाकडे होता आणि त्यांची कारणं कमी नव्हती. सांगलीचा मुलगा म्हणाला, कॅमेरा लांब उभा राहतो, कुणाकडे बघायचं ते आपल्याला सांगत नाही, आपणच शोधतो, म्हणून आपणही त्या खटल्यात ओढले जातो. इचलकरंजीची मुलगी म्हणाली, वकील आणि न्यायाधीश घरी गेल्यावर कसे जगतात ते दाखवल्यामुळे निकाल कुठून येतो ते कळतं. मला हे सुचलं नव्हतं. मग माझी पाळी. मी घाबरत घाबरत अहमदचं सांगितलं आणि बोलता बोलता 'स्थळ' या सिनेमावर गेले. त्या सविताला बघायला येणारे पुरुषही तिला प्रश्न विचारतात, उत्तर कुठे ऐकतात? कुणी हसलं नाही. कुणी म्हटलं नाही की विषय सोडून बोलू नकोस. पाहुण्यांतल्या संकलक बाई इंग्रजीत काहीतरी विचारत होत्या, तर तुम्ही एवढंच म्हणालात, "ती मराठीत बोलेल, मी तुम्हाला सांगतो." दोन तासांत तुमचं तेवढं एकच वाक्य.

मतदान चार विरुद्ध एक झालं. 'कोर्ट' जिंकला. निकालाचा कागद आमच्यासमोर कोरा होता, आम्ही पाच जणांनी मिळून तो लिहिला आणि इचलकरंजीच्या मुलीनं स्वतःहून शेवटी एक ओळ घातली, की एका सदस्याचं मत वेगळं आहे आणि ते असं आहे. त्याखाली मी सही केली. सगळे सिनेमे पहिल्या मिनिटापासून शेवटच्या मिनिटापर्यंत पाहून केलेली सही.

काका, चहाच्या वेळी तुम्ही सांगत होता, की पूर्वी पुण्याच्या फिल्म संग्रहालयातून चित्रपटांच्या रिळांचे पत्र्याचे डबे यायचे, ते स्टँडवरून उचलून आणायचे, रात्री दाखवायचे आणि सकाळी परत पाठवायचे. प्रेक्षक कधी कधी अकराच असायचे. बँकेची नोकरी सांभाळून तुम्ही हे किती वर्षं केलंत ते मी विचारलं, तर तुम्ही विषय बदललात. मला तेव्हापासून एकच वाटतंय. या गावात, या राज्यात अशी किती माणसं असतील, ज्यांनी डबे उचलले, खुर्च्या लावल्या, पडदा ताणून बांधला, आणि ज्यांचं नाव कुठल्याही पत्रिकेवर छापलं गेलं नाही! आम्हाला चहा देणाऱ्या मावशी बिनसाखरेचा कुणाचा ते दुसऱ्या दिवशी न विचारता ओळखत होत्या. एसटीच्या कंडक्टरनं रात्री मला पुढच्या सीटवर, दारापाशी बसवलं आणि गाव आल्यावर माझ्या वडिलांची गाडी दिसेपर्यंत बस थांबवली. चांगुलपणा असा असतो, हातानं केलेला. तुमच्यामुळे तो मला दिसायला लागलाय.

घरी गेल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी मी ते लॅमिनेट केलेलं प्रमाणपत्र भिंतीवरून उतरवलं. वडिलांनी विचारलं, "का गं?" मी पहिल्यांदा त्यांना सगळं सांगितलं. खांब, डोकी, तयार कागद, सही. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "या वेळचा कागद कुठाय?" मी म्हटलं, प्रमाणपत्र पोस्टानं येणार आहे, वही आहे. त्यांनी वही मागून घेतली. मुंग्यांसारखी अक्षरं लावत लावत संध्याकाळपर्यंत वाचत होते. चष्मा पुसत मला विचारलं, "त्या अहमदनं वही दिली का शेवटी?" मी सांगितलं नाही. त्यांना म्हटलं, पुढच्या वर्षी चला, कोल्हापूरला जाऊन बघू.

तर पुढच्या वर्षी आम्ही येऊ. तिकीट काढून, प्रेक्षक म्हणून. ज्युरीसाठी आमच्या कॉलेजातून पहिल्या वर्षाची एक मुलगी पाठवायचं ठरतंय. फार बारकाईनं बघते, कमी बोलते, आणि उंचीनं माझ्याहूनही लहान आहे. कुणी मोठं आलं की तीसुद्धा आपणहून उठेल. तिला बसवा, काका. मधल्या रांगेत.

तुमची,
ज्युरीतली गारगोटीकडची मुलगी