सोफा कव्हरच्या रंगाच्या पाकिटावरील चुकीच्या सूचनांबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक तक्रार विभाग

विषय: गडद निळा रिअ‍ॅक्टिव्ह रंग, 50 ग्रॅमचे पाकीट

महोदय,

आपल्या पाकिटावर ‘सर्व कापडांसाठी, एका पाकिटात पूर्ण सोफासेट’ असे छापले आहे. त्यावर विसंबून क्रीम रंगाची कव्हरे रंगवली. तीन जणांच्या सोफ्याचे कव्हर सुती, 1600 ग्रॅम; दोन खुर्च्यांची टेरिकॉटची (पॉलिएस्टर आणि सुताचे मिश्रण), मिळून 800 ग्रॅम. सूचना शब्दशः पाळल्या. सोफ्याच्या कव्हरवर ढगांसारखे डाग पडले आणि खुर्च्यांची कव्हरे धुरकट निळी निघाली. त्यांच्या कडेचे सुती पायपिंग तेवढे बऱ्यापैकी रंगले. एकाच पाण्यातून निघालेले ते पायपिंग आणि त्याला लागून असलेले कापड पाहिले, तर कोणताही रंगारी चूक ओळखेल.

रिअ‍ॅक्टिव्ह रंग सुतावर बसतो, पॉलिएस्टरवर नाही. पॉलिएस्टरला डिस्पर्स नावाचा वेगळा रंग लागतो. कारखान्यात तो बंद यंत्रात, दाबाखाली, 130 अंशांच्या आसपास चढवतात. त्यामुळे ‘सर्व कापडांसाठी’ हे विधान सरळ खोटे आहे. शिवणीच्या आतला एक धागा जाळून पाहा, एवढे जरी लिहिले असते तरी नुकसान टळले असते: कागदासारखा वास आणि मऊ राख म्हणजे सूत, वितळून टणक मणी झाला तर पॉलिएस्टर. शिलाईचा दोराही बहुधा पॉलिएस्टरचाच असतो. निळ्या कापडावर आता प्रत्येक क्रीम टाका मोजता येतो.

सुती कव्हर बिघडले ते मीठ-सोड्यामुळे. आपण ‘रंगासोबतच 2 चमचे मीठ व 1 चमचा सोडा’ घालायला सांगता. 1600 ग्रॅम कापड मोकळे फिरायला 32 लिटर पाणी हवे, आणि तेवढ्या पाण्याला मीठ दीड-पावणेदोन किलो, सोडा 400 ग्रॅमच्या आसपास. तिथे चमच्यांनी काय होणार? शिवाय सोडा कोणता, खाण्याचा की धुण्याचा? खाण्याच्या सोड्याने कोमट पाण्यात हा रंग पक्का होत नाही.

क्रम तर त्याहून महत्त्वाचा. मीठ तीन हप्त्यांत, दहा-दहा मिनिटांनी घालायचे आणि कापड सतत खालीवर करत रंग सगळीकडे सारखा जाऊ द्यायचा. मग कापड बाहेर काढून, वेगळा विरघळवलेला सोडा पाण्यात मिसळायचा, आणि कापड पुन्हा सोडून तासभर हलवत राहायचे. सोडा पडला की रंग धाग्याला कायमचा धरू लागतो. तो सुरुवातीलाच घातला, तर रंग जिथे आधी लागेल तिथेच पक्का होतो. हे डाग त्याचेच आहेत.

गडद निळ्याला कापडाच्या वजनाच्या सुमारे 4 टक्के रंग लागतो, म्हणजे या सेटला जवळपास दोन पाकिटे. पाकिटावर कापडाच्या वजनाचा उल्लेखच नाही. ‘एकदा गार पाण्यातून काढा’ हेही अपुरे आहे. शेवटी कडकडीत गरम साबणपाण्यात धुतले नाही, तर सुटा रंग बसणाऱ्याच्या कपड्यांना लागतो.

खुर्च्यांच्या कव्हरांची पूर्ण किंमत व पाकिटाचे पैसे परत द्यावेत, आणि सूचना दुरुस्त होईपर्यंत हे पाकीट विक्रीतून काढावे. 15 दिवसांत लेखी उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करू.

सोबत: बिलाची प्रत, रिकामे पाकीट, पायपिंगसह कापलेला कव्हरचा तुकडा.

आपला,
एक ग्राहक