ओशहून आजोबांना पत्र

ओश, किरगिझस्तान

तीर्थरूप आजोबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

मी मजेत आहे. परवा फोनवर तुम्ही विचारलंत, घोड्यांवर हिंडणारी ही किरगिझ माणसं मुसलमान झाली कधी आणि केली कुणी? आवाज तुटत होता, म्हणून सविस्तर लिहितेय.

एखाद्या लढाईचं नाव सांगितलं की तुमचं समाधान होईल, पण तसं इथे झालेलं नाही. 751 साली तलास नदीच्या खोऱ्यात अरबांनी चिनी फौजेला हरवलं, हे खरं. दहाव्या शतकात काराखानी या तुर्की राजघराण्यातल्या सातुक बुघरा खानाने इस्लाम स्वीकारला, हेही खरं. त्या राजवटीचे मिनार उझगेनला आणि बिश्केकजवळ बुरानाला अजून उभे आहेत. पण ते राज्य किरगिझांचं नव्हतं. यांचे पूर्वज तेव्हा पार उत्तरेला, सैबेरियातल्या येनिसेई नदीच्या बाजूला होते. या डोंगरांत स्थिरावल्यावर, साधारण सोळाव्या-सतराव्या शतकापासून, फरगाना खोऱ्यातले सूफी त्यांच्यात येत-जात राहिले. दक्षिणेत धर्म आधी रुजला. उत्तरेतल्या टोळ्यांत तो एकोणिसाव्या शतकात, फरगानातल्याच कोकंद राज्याच्या खानांच्या अमलात पक्का झाला. चीनच्या हेइलोंगजियांग प्रांतात अठराव्या शतकात नेऊन बसवलेले थोडे किरगिझ आहेत, ते तर मुसलमान झालेच नाहीत.

जुनं काही टाकून न देता त्यावरच नवं चढवायची इथली रीत आहे. तान्ह्या बाळाचं अंग चोळताना बायका म्हणतात, ‘हा माझा हात नव्हे, उमाई एनेचा हात, बात्मा झुराचा हात.’ उमाई ही इस्लामच्या आधीची देवी, आणि बात्मा झुरा म्हणजे पैगंबरांची मुलगी फातिमा. दोघी एकाच वाक्यात! आमच्या मेडिकलच्या बालरोगाच्या पुस्तकात हे कुठे मिळणार?

आमच्या घरमालकीणबाई दर गुरुवारी कणीक लाटून तिचे चौकोनी तुकडे कापतात आणि भल्यामोठ्या कढईत तळतात. त्याला बोरसोक म्हणतात. खायला मिळतातच, पण खरा उद्देश वेगळा: तापल्या तेलाचा वास घरातल्या गेलेल्या माणसांपर्यंत पोचतो म्हणे. तळून झालं की त्या कुराणातलं थोडं म्हणतात आणि दोन्ही तळवे चेहऱ्यावरून फिरवतात. मला आपला पितृपंधरवड्यातला घास आठवतो. त्यांचा धाकटा मुलगा मात्र वैतागतो. तो दाढी राखून, लांब कुडता घालून दावतला, म्हणजे धर्मप्रचाराच्या फेरीला, जाऊन आलाय, आणि हे शरियतीत बसत नाही असं त्याचं म्हणणं. बाई झारा न थांबवता म्हणाल्या, ‘मग तुझ्या आजाला वास कोण पोचवणार, तू?’ गंमत म्हणजे हे दावतवाले ज्या तबलिगी जमातीचे, ती सुरू झाली आपल्याकडे, दिल्लीजवळच्या मेवातात. रशिया आणि कझाकस्तानात तिच्यावर बंदी आली, तरी इथे ती बरीच वर्षं उघडपणे काम करत राहिली.

सोव्हिएत काळात मशिदी बंद पडल्या, मुल्ला पकडले गेले. 1991 मध्ये अख्ख्या देशात नोंदलेल्या मशिदी 39 होत्या. आज अडीच हजारांच्या वर आहेत. मधल्या सत्तर वर्षांत धर्म टिकला तो स्वयंपाकघरात आणि मयताच्या घरी, असं मला वाटतं. कम्युनिस्ट पार्टीचं कार्ड खिशात बाळगणाऱ्याचाही जनाजा पढला जायचा. गावाबाहेरच्या कबरस्तानात पाहा: मातीच्या घुमटीवर चंद्रकोर, शेजारच्या कबरीवर लाल तारा, आणि काळ्या दगडावर कोरलेला कोटटाय घातलेला चेहरा.

आकडेही सांगते, नाहीतर तुम्ही विचारालच. लोकवस्ती सत्तर लाखांच्या आसपास, त्यात सुमारे 90 टक्के मुसलमान, बहुतेक सगळे सुन्नी, त्यातल्या हनफी परंपरेचे. किरगिझ तीन-चतुर्थांशाहून थोडे जास्त, तर सातातला एक उझबेक. आमच्या ओशमध्ये उझबेक पुष्कळ. ते पिढ्यान्‌पिढ्या गावात राहून शेती-बाजार करणारे, त्यामुळे त्यांचा धर्म जुना आणि मशिदीला धरून. 1989 मध्ये पाचातला एक माणूस रशियन होता, आता वीसात एकही नाही. तेव्हा मुसलमानांची टक्केवारी वाढली ती काही नुसत्या श्रद्धेने नव्हे. रशियन निघून गेले, हेही त्यात धरा.

खरा वाद आता कपड्यांवर आहे. 2016 मध्ये रस्त्यारस्त्यावर फलक लागले होते: किरगिझ वेशातल्या बायका, मग पांढऱ्या हिजाबातल्या, मग काळ्या बुरख्यातल्या, आणि वर प्रश्न, ‘आपण चाललोय कुठे?’ तेव्हाच्या राष्ट्राध्यक्षांनी त्याची बाजू घेतली. 2025 पासून सार्वजनिक जागी चेहरा झाकायला बंदी आहे, मोडल्यास 20,000 सोम (इथलं चलन) दंड. नुसत्या हिजाबाला हरकत नाही. माझ्या वर्गात बऱ्याच जणी घालतात. शेजारच्या बाकावरची मुलगी घालत नाही आणि रोजे मात्र एकही चुकवत नाही.

आणि तुमच्यासाठी खास: गावाच्या मधोमध सुलेमान-तू डोंगर आहे. वर एक छोटी इमारत आहे, ती बाबराची म्हणून दाखवतात. मूळची सोव्हिएत काळात पाडली, आहे ती नंतर बांधलेली. बाबराने आपल्या आठवणींत ओशच्या हवेची तारीफ केलीय. त्याच्याच वंशातला औरंगजेब खुलताबादेत पुरलेला, आणि तिथे मला लहानपणी तुम्हीच नेलं होतंत! डोंगरावर एक घसरगुंडीसारखा दगड आहे. मूल व्हावं म्हणून बायका त्यावरून घसरतात, कंबरदुखीवाल्याही घसरतात, इतक्या की तो काचेसारखा गुळगुळीत झालाय. मीही घसरले. कंबर दुखत होती, आईला भलतंच काही सांगू नका.

परीक्षा झाली की उझगेनला जाणार आहे, मिनाराचे फोटो पाठवीन. आजीला नमस्कार, चिंटूला आशीर्वाद. बीपीची गोळी सकाळीच घ्या, चहा झाल्यावर आठवेल असं म्हणू नका.

तुमची नात